नाव काय तिचं?

२५ फेब्रुवारी २०१८, रविवार होता. सकाळी उठून बाहेरच्या खोलीत आले तर आई टीव्हीसमोर बसलेली, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला आणि हाताच्या पाठीने डोळे पुसत होती. मला वाटलं नात्यातलं कुणीतरी गेलं, पोटात गोळाच आला. तर म्हणाली, "श्रीदेवी गेली गं." आणि परत रडायला लागली. आदल्या रात्री दुबईत, घरातल्या लग्नासाठी गेलेली, ५४ वर्षांची. आईचं सारखं एकच चाललं होतं, मुलीचा पहिला सिनेमा येणार होता, तेवढा पण बघायला नाही मिळाला तिला.

पुढचे तीन दिवस काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आधी हार्ट अटॅक म्हणाले, मग सोमवारी दुबईहून रिपोर्ट आला की बाथटबमध्ये अपघाताने बुडून मृत्यू झाला, आणि मग सगळी चॅनेल्स त्या बाथटबमध्येच उतरली. ग्राफिक्स काढून त्यात तिला झोपवलेलं दाखवत होते, टब किती लांब असतो, पाणी किती असेल, माणूस एवढ्या पाण्यात बुडतो का, आणि एका चॅनेलचा रिपोर्टर तर स्वतः टबमध्ये आडवा होऊन दाखवत होता. एका बाईच्या मरणाचं असं करायला हात कसे धजावले हे मला आजही कळत नाही. पण खरं सांगायचं तर मी ते बघत होते. दिवसा नावं ठेवायची आणि रात्री अंथरुणात पडून दोन वाजेपर्यंत फोनवर तेच वाचायचं, शेवटी कोण भेटलं, शेवटचा व्हिडिओ कुठला, घरी कधी आणणार.

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर अजून एक गोष्ट येऊन गेली होती. २० फेब्रुवारीला युनिसेफने एक निवेदन काढलं होतं, आणि ते कोरं होतं. म्हणजे खरंच कोरा कागद. वर त्यांच्या मध्यपूर्वेच्या विभागीय संचालकांच्या नावाने एक ओळ, की मारल्या गेलेल्या मुलांना, त्यांच्या आयांना, वडिलांना, जिवलगांना न्याय देतील असे शब्दच नाहीत, आणि त्याखाली एकाखाली एक नुसती अवतरणचिन्हं, उघडलेली आणि बंद केलेली, मधे काहीच नाही. तळाला बारीक अक्षरात खुलासा, की मुलांचं दुःख आणि आमचा संताप सांगायला आता आमच्याकडे शब्द उरलेले नाहीत म्हणून हे निवेदन कोरं काढतोय. जगभरच्या मुलांसाठी काम करणारी एवढी मोठी संस्था, जिचं अर्धं काम निवेदनं काढणं हेच असतं, तिने हात टेकले होते. मी ते बघितलं, एक सेकंद थांबले असेन, आणि अंगठा वर सरकवला. तो अंगठा मला अजून आठवतो.

ते निवेदन सीरियातल्या पूर्व घौताबद्दल होतं. दमास्कसला लागून असलेला भाग, २०१३ पासून वेढा पडलेला, आत जवळपास चार लाख माणसं. याच घौतामध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये सारिन हा विषारी वायू सोडला होता. १८ फेब्रुवारीपासून तिथे विमानांतून आणि तोफांतून जे सुरू झालं त्यात दोन आठवड्यांत हजाराच्या आसपास माणसं गेली. उरलेली तळघरात. ज्या शनिवारी श्रीदेवी गेली त्याच शनिवारी, २४ तारखेला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ३० दिवसांच्या शस्त्रसंधीचा ठराव एकमताने पास झाला, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे आई रडत होती त्या रविवारी, बॉम्ब पडतच होते. मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं, नंतर तारखा शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा कळलं.

तेव्हा फक्त एवढं माहीत होतं की तिकडे मुलं मरतायत आणि इकडे बाथटब चाललाय. आणि तो राग मी काढला कुणावर, तर आईवर. मंगळवारी संध्याकाळी ती परत टीव्हीसमोर बसलेली बघून मी बोलले, बरंच लागेल असं बोलले. की तुम्हा लोकांना काही वाटतच नाही का, तिकडे शेकडो पोरं मेली आणि तू एका नटीसाठी तीन दिवस रडतेयस. आई काही बोलली नाही बराच वेळ. मग टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "मला तिचं घर माहितीये. तिच्या दोन्ही मुलींची नावं माहितीयेत. ती हसली की कशी दिसायची ते माहितीये मला, तुझ्या जन्माच्या आधीपासून. तू म्हणतेस त्या पोरांपैकी एकाचं तरी नाव सांग मला, मी त्याच्यासाठी पण रडते."

मला एकही नाव सांगता आलं नाही.

कितीतरी दिवस ते डोक्यातून जाईना. कारण मी जे धरून बसले होते ते असं की लोकांना परक्याच्या दुःखाचं सोयरसुतक नाही. शब्द तरी कसा आहे बघा. सोयर काय आणि सुतक काय, दोन्ही ज्याच्याशी नातं असेल त्याचंच लागतं, बाकीच्यांचं लागायचं कारणच नाही. आणि माझी आई तर एका पूर्णपणे परक्या बाईसाठी रडत होती, जिला ती आयुष्यात कधी भेटली नाही, जिला माझ्या आईचं अस्तित्वसुद्धा माहीत नव्हतं. म्हणजे परक्याचं सुतक लागतं की! ते रडणं खोटं नव्हतं, उथळ तर अजिबातच नव्हतं. मी त्याला आजार समजत होते आणि खरंतर तोच पुरावा होता की माणसाचं मन रक्ताच्या नात्याबाहेर जाऊ शकतं, भाषेबाहेर, देशाबाहेर जाऊ शकतं. मग ते घौतापर्यंत का गेलं नाही, हा प्रश्न त्यानंतर मला नीट पडला.

या नात्याला शास्त्रात नाव आहे. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी नवीनच आलेल्या टीव्हीबद्दल लिहिताना म्हटलं होतं की पडद्यावरचा माणूस रोज घरात येतो, तुमच्याकडे बघून बोलतो, आणि हळूहळू तो तुम्हाला ओळखीचा वाटायला लागतो, मित्रासारखा, फक्त ती ओळख एकाच बाजूची असते. पॅरासोशल म्हणतात त्याला. एकतर्फी मैत्री म्हणू आपण. ती मैत्री हळूहळू होते, वर्षानुवर्षं, थोडं थोडं कळत जातं, लग्न, बाळ, भांडण, आजारपण. आणि आपत्तीची बातमी कशी येते? एकदम येते, आकडा घेऊन येते, आणि ज्यांची ओळख करून द्यायची असते ती माणसं तोपर्यंत मेलेली असतात. पहिलीच भेट आणि तीच शेवटची.

२०२३ च्या जूनमध्ये हे अगदी लख्ख दिसलं. १४ जूनला ग्रीसच्या पायलोसजवळ अॅड्रियाना नावाची मासेमारीची जुनी बोट बुडाली, लिबियातून निघालेली, आत सुमारे साडेसातशे माणसं, पाकिस्तानी, सीरियन, इजिप्शियन, पॅलेस्टिनी. १०४ वाचले. मृतदेह सापडले ८२. बाकीचे अजून समुद्राच्या तळाशी आहेत, आणि वाचलेल्यांत एकही बाई किंवा लहान मूल नव्हतं, कारण त्यांना खाली, बोटीच्या पोटात बसवलं होतं. चार दिवसांनी, १८ जूनला, टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन पाणबुडी बेपत्ता झाली, आत पाच जण. त्यानंतर जगभर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, मी पण. ९६ तासांचा ऑक्सिजन, कुणी म्हणे आता ४० तास उरले, आता २०, पाण्याखालून ठोकल्याचा आवाज आला, जहाजं निघाली, विमानं निघाली. पाचही जणांची नावं, चेहरे, कोण कुणाचा मुलगा, सगळं दोन दिवसांत पाठ. त्यातला एक १९ वर्षांचा मुलगा होता, वडिलांबरोबर गेलेला, आणि त्याच्यासाठी माझा जीव खरंच तुटला, त्यात मला काही चूक वाटत नाही. पण अॅड्रियानाच्या पोटातल्या एकाही मुलाचं वय मला माहीत नव्हतं. पाणबुडीतला कुणी सिनेमातला नव्हता, बहुतेकांची नावं जगाने आधी ऐकलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे प्रसिद्धी आधीपासून असायला लागते असंही नाही, दोन दिवसांत ओळख करून देता येते, करून द्यायची ठरवली तर.

आता कुणी म्हणेल की बरं, नाही बघितलं लोकांनी, तर असा काय फरक पडतो, मेलेला माणूस बघितल्याने परत येणार आहे का. फरक पडतो. आयझेन्सी आणि स्ट्रोमबर्ग या दोन स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती तपासल्या, अमेरिकेच्या सरकारने कुठल्या वेळी मदत पाठवली आणि कुठल्या वेळी नाही. आणि निघालं असं की ऑलिंपिक चालू असताना किंवा दुसरी मोठी बातमी गाजत असताना जी आपत्ती आली तिला मदत मिळायची शक्यता कमी होती, कारण ती टीव्हीवर कमी आली. तेवढंच पाणी, तेवढीच माणसं, फक्त आठवडा चुकला. त्याच अभ्यासात अजून एक हिशोब आहे जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत वर जाऊन वाचला: ज्वालामुखीत एक माणूस मेला तर ती आपत्ती बातमीत यायची जेवढी शक्यता असते, तेवढीच शक्यता व्हायला अन्नाच्या टंचाईत जवळपास ४०,००० माणसं मरावी लागतात. ज्वालामुखी दिसतो ना. भूक दिसत नाही, भूक हळूहळू मारते आणि रोजची बातमी ही कालपेक्षा वेगळी नसते.

सोमालियात २०११ मध्ये हेच झालं. पाऊस फसणार हे २०१० च्या अखेरीपासून सांगत होते, संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला २० जुलै २०११ ला, आणि तीनच दिवसांनी अॅमी वाइनहाउस गेली, सत्ताविसाव्या वर्षी, आणि तिची गाणी मला फार आवडायची म्हणून मला तो दिवस आठवतो, दुसरा नाही आठवत. नंतर हिशोब लागला तो सुमारे २ लाख ६० हजार मृत्यूंचा, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं, आणि पुष्कळ जण तर दुष्काळ जाहीर व्हायच्या आधीच गेलेले.

बघणाऱ्यांवर सगळं ढकलणं मला पटत नाही मात्र. आपल्यापुढे वाढलं काय जातं तेही बघायला पाहिजे. सेलिब्रिटीची बातमी स्वस्तात होते. तिने स्वतःच टाकलेला फोटो, स्टुडिओतले चार लोक, जुनी क्लिप, झाला अर्धा तास. आणि घौतामध्ये बाहेरच्या पत्रकाराला पाय ठेवता येत नव्हता, जे काही आलं ते तिथल्याच लोकांनी जिवावर उदार होऊन फोनवर काढलेलं. तिथल्या दोन लहान बहिणी बॉम्ब पडत असताना व्हिडिओ टाकायच्या, इंग्लिशमध्ये, आम्हाला वाचवा म्हणून. त्यांची नावं मला नंतर कळली, इथे मुद्दाम लिहीत नाही, आता मोठ्या झाल्या असतील, त्यांना विसरायचंही असेल. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, कोटीच्या वर लोक घर सोडून पळालेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर जवळपास अख्ख्या देशाचं फोन आणि इंटरनेट बंद पडलं होतं. तिकडून चेहरा येणार कुठून आणि नाव येणार कुठून? येतो तो आकडा.

आणि आकड्याने माणूस हलत नाही, हे तर प्रयोग करून बघितलंय. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लोकांना पाच डॉलर दिले आणि विचारलं यातले आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी किती देता. काहींना फक्त आकडे दाखवले, लाखो लोक वगैरे, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिची गोष्ट दिली, त्यांनी २.३८ दिले. आणि ज्यांना रोकिया आणि आकडे दोन्ही दाखवले त्यांनी? १.४३. म्हणजे रोकियाच्या शेजारी लाखो उभे केले की तीसुद्धा पुसट होते. हे वाचून मला वाईटही वाटलं आणि आई तीन दिवसांच्या रडण्यानंतर जे बोलली ते किती बरोबर होतं तेही कळलं.

नाव मिळालं तरी पुरतं असं नाही म्हणा. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर लाल टीशर्टमधला तो छोटा मुलगा पालथा पडलेला सापडला, तो फोटो बघून न रडलेला माणूस मला भेटलेला नाही. जगाला त्याचं नाव कळलं, आयलान. ते चुकीचं होतं, तो अॅलन होता, अॅलन कुर्दी, आणि तीन वर्षांचा म्हणून छापलं तो दोनच वर्षांचा होता. स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात शंभर पटीहून जास्त झाली, आणि दीडेक महिन्यात ओसरली. ज्याच्यासाठी आपण सगळे रडलो त्याचं नाव आपण नीट विचारूनसुद्धा घेतलं नव्हतं. मी स्वतः कितीतरी वर्षं आयलानच म्हणायचे.

ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचं मला यासाठीच नेहमी आठवतं. कॅमेरे तिचा पाठलाग करतात हे तिला पक्कं माहीत होतं, आणि जानेवारी १९९७ मध्ये ती ते सगळे कॅमेरे मागे घेऊन अंगोलात वांबोच्या सुरुंगांच्या शेतात गेली, अंगावर संरक्षक जाकीट, तोंडावर काच, आणि पाय तुटलेल्या मुलांशेजारी जाऊन बसली. तिला बघायला आलेल्या जगाला त्या मुलांकडे बघावं लागलं. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावाला १२२ देशांनी भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या, अर्थात त्यामागे कितीतरी संघटनांचं कित्येक वर्षांचं काम होतं, पण त्या फोटोंनी दार ढकललं हे कुणी नाकारत नाही. ते बघायला ती नव्हती. ३१ ऑगस्टला ती गेली आणि सगळं जग तिच्या फुलांच्या ढिगात बुडालं, आणि तिच्या दोनच रात्री आधी अल्जीरियात राईस नावाच्या गावात एका रात्रीत माणसं गळे चिरून मारली होती, सरकारी आकडा ९८, बाकीचे सांगतात तो त्याच्या कितीतरी पट. राईस हे नाव मी चाळिशीत पहिल्यांदा वाचलं.

आईकडे परत येते. २०२० च्या सुरुवातीला ऑस्करचे नॉमिनेशन्स आले, त्यात घौतातल्या जमिनीखालच्या हॉस्पिटलवरची एक डॉक्युमेंटरी होती. आईला ऑस्करची भारी हौस, कपडे बघायला बसते. मी म्हटलं यातली एक बाई बघ. डॉ. अमानी बल्लूर, मुलांची डॉक्टर, तिशीच्या आतच त्या भुयारातल्या हॉस्पिटलची प्रमुख झाली, आणि बाई प्रमुख कशी म्हणून पेशंटचे नातेवाईकसुद्धा तिच्याशी वाद घालायचे. भूल द्यायचं औषध नाही म्हणून तिथला सर्जन ऑपरेशन करताना फोनवर संगीत लावायचा. १८ फेब्रुवारी २०१८ नंतर ती तिथेच होती, म्हणजे आई रडत होती तेव्हा, आणि मी आईवर ओरडत होते तेव्हासुद्धा. आईने तिचे फोटो बघितले, मग एक मुलाखत बघितली, भाषा कळत नव्हती तरी शेवटपर्यंत. आणि मग प्रश्न सुरू. आता कुठे असते? घरचे जिवंत आहेत ना तिचे? लग्न झालं का? परत डॉक्टरकी करते का? मी शोधून शोधून सांगत होते, तिथून आधी तुर्कस्तानला गेली, पुढे नंतर अमेरिकेला गेली तेही सांगितलं. आईने नटनट्यांबद्दल आयुष्यभर जे प्रश्न विचारले तेच हे प्रश्न होते, एकही वेगळा नाही. मी ज्याला गॉसिप म्हणून तोंड फिरवायचे ते सगळं तिने अमानीसाठी विचारलं आणि अजून मधेच विचारते, "त्या डॉक्टरीणबाईचं काय गं?"

परवा मी सुदानबद्दल वाचत होते, उत्तर दारफुरमधून, विस्थापितांच्या झमझम कॅम्पच्या बाजूने लोक पळत होते त्याची बातमी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कॅम्पमध्ये अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झालेला. आई शेजारी येऊन बसली, फोन हातातून घेतला. फोटोत एक बाई, पिवळी ओढणी डोक्यावरून घेतलेली, मांडीवर मूल, मुलाचा हात तिच्या गळ्याशी. खाली लिहिलेलं, मुलासह विस्थापित महिला. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बाईचा चेहरा, मग मुलाचा.

"नाव काय तिचं?"

मी म्हटलं दिलेलं नाही. कधीकधी मुद्दाम देत नाहीत, मागे राहिलेल्या लोकांच्या जिवाला धोका असतो. आणि कधीकधी विचारतच नाहीत.

"खाली बघ ना, असेल कुठेतरी."

मी खालपर्यंत गेले. बातमी संपली, खाली दुसऱ्याच बातम्या सुरू झाल्या.

"वर घे परत," आई म्हणाली, चष्मा नीट करत. "नीट बघू दे मला तिला."